कीर्द, खतावणी आणि गोडसे भटजी

पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. 'एवढं वाचून करायचंय काय?' हा पहिला आणि 'झालं का वाचून? मग इकडे द्या' हा दुसरा. पहिला घरात विचारला जातो, दुसरा बँकेत. पहिल्याला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्याला होतं, पण ते देता देता माझं निम्मं कपाट रिकामं झालं. दिवसभर बँकेत थकलेल्या कर्जांच्या वसुलीच्या गोष्टी चालतात. आणि शेजारच्या काउंटरवरच्या सद्गृहस्थांकडून मला एक साधी बखर गेली सहा वर्षं वसूल करता आलेली नाही. भेटले की ते स्वतःच म्हणतात, "तुमचं पुस्तक आहे हं माझ्याकडे!" जणू मी त्यांच्याकडे मुदत ठेव ठेवली आहे. शेवटी मी ती बखर बुडीत खात्यात टाकली.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. शाळा संपली तेव्हा इतिहास सुटला, आणि सुटला म्हणून आम्ही पेढे वाटले. वाचनाचं वेड लागलं ते नोकरी लागल्यावर. त्यामुळे झालंय असं, की इतिहासाचं पुस्तकसुद्धा मी कीर्द-खतावणी उघडावी तसं उघडतो. राजा मोहिमेवर निघाला की मला आधी खर्च आठवतो. पैसा कुणी दिला, किती टक्क्यांनी दिला आणि राजा पडल्यावर त्या बिचाऱ्या सावकाराचं काय झालं? ऐतिहासिक कादंबऱ्यांनी या बाबतीत माझी फार निराशा केली आहे. परवाच एक साडेसहाशे पानांची संपवली. तीत नायक दर तिसऱ्या प्रकरणात रातोरात चाळीस कोस दौड मारतो. पण साडेसहाशे पानांत त्या घोड्याला कुणी चंदी घातल्याचा उल्लेख नाही. नायकाच्या डोळ्यांत अंगार फुलतो तो मात्र मोजून एकोणीस वेळा. (हे मी खरंच मोजलं. सवय!)

उलट गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचें वर्णन' घ्या. १८६३ सालचं पुस्तक. कुठलं देऊळ कुणी बांधलं, कुठल्या तळ्याला कुणी किती पैसे घातले, सगळं तपशीलवार. मला तर ते पासबुकासारखं वाटतं, आणि हे मी कौतुकाने म्हणतो आहे. शिवाय वेळ कशी साधली पाहा. अमेरिकेत यादवी युद्ध चाललेलं, तिथला कापूस अडकलेला, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. आणि ऐन त्या तेजीत हे गृहस्थ शहराची नोंद करून ठेवतात. १८६५ साली युद्ध संपलं, जुलैमध्ये मुंबईतल्या कंपन्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या आणि त्या धक्क्यातून बॉम्बे बँकही सावरली नाही. त्याच साली माडगावकर वारले. म्हणजे त्यांनी जमेची बाजू लिहून काढली आणि नावे बाजू आमच्यावर सोडून गेले.

पण या सगळ्यांपेक्षा माझा खरा लोभ आहे तो गोडसे भटजींवर.

विष्णुभट गोडसे, राहणार वरसई, तालुका पेण. पुस्तकाचं नाव 'माझा प्रवास'. सत्तावन्नच्या बंडाची हकीगत म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण भटजी काही बंड पाहायला निघाले नव्हते. ते निघाले होते पैसे मिळवायला, आणि हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं आहे. घरावर कर्ज होतं. भिक्षुकीत ते फिटण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात बातमी आली, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख नावाचा मोठा यज्ञ करणार आहेत आणि त्यात सात-आठ लाखांचा खर्च होणार आहे. दौलतराव शिंद्यांची ही विधवा म्हणजे पैशाच्या व्यवहारात भल्याभल्यांना पाणी पाजणारी बाई. खुद्द कंपनी सरकार तिच्या दारात कर्ज मागायला गेलं होतं. अशी पार्टी भक्कम म्हटल्यावर भटजींनी आपल्या काकांना, रामभटजींना, बरोबर घेतलं आणि १८५७ च्या सुरुवातीला उत्तरेची वाट धरली. वडिलांचं मन काही होत नव्हतं. हिंदुस्थानात भांग फार आणि बायका मायावी, ही त्यांची हरकत. बंडाचा इशारा ज्योतिषांनी दिला नाही, शिपायांनी दिला नाही, तोवर वडिलांनी मुलाला भांगेचा इशारा दिला होता! वडील माणसं धोक्याची सूचना नेहमी देतात. धोका फक्त चुकीचा निवडतात.

महूच्या अलीकडे त्यांना शिपाई भेटले. पुढे जाऊ नका, लवकरच गडबड उडणार आहे, असं त्यांनी सांगितलं. आमच्यासारखा असता तर पहिली गाडी धरून घरी आला असता. भटजी पुढे गेले. का गेले, हे मला पूर्वी कळत नसे. आता कळतं. कर्ज मागे होतं आणि बंड पुढे होतं. आणि कर्ज ज्याने काढलं आहे त्याला या दोहोंत बंडाचीच भीती कमी वाटते. अशी माणसं मी रोज काउंटरच्या पलीकडे पाहतो.

यज्ञ राहिला बाजूला. उज्जैन, धार, ग्वाल्हेर करत भटजी झाशीला पोचले आणि राणी लक्ष्मीबाईच्या आश्रयाला राहिले. झाशीवर सर ह्यू रोजची फौज चालून आली २१ मार्च १८५८ रोजी, आणि शहर पडलं ३ एप्रिलला. या काळात वरसईचे हे भटजी तटाच्या आत होते. सत्तावन्नवर इंग्रजांनी लिहिलेल्या पुस्तकांनी कपाटं भरतील, पण ती बहुतेक तोफेच्या मागे उभं राहून लिहिलेली. तोफेच्या पुढे उभं राहून मराठीत लिहिणारा हा एक.

शहर पडल्यावर जी कत्तल आणि लूट झाली, ती पानं मी सलग वाचू शकत नाही. यात विनोद नाही. पण एक गोष्ट माझ्या धंद्याची आहे म्हणून सांगतो. ती लूट अंदाधुंद नव्हती, क्रमवार होती. आधी सोनं-चांदी गेली, मग तांब्या-पितळेची पाळी आली, मग कपड्यांची, मग धान्याची. दिवाळं निघालेल्या कंपनीची मालमत्ता वाटताना पहिला हक्क कुणाचा, दुसरा कुणाचा, हे आम्हाला परीक्षेला होतं. झाशीत तेच झालं. फक्त घरमालकाचं नाव यादीत कुठेच नव्हतं. भटजींनी मिळवलेला पैसाही त्यातच गेला. ज्या रकमेसाठी वडिलांचा शब्द मोडून घर सोडलं, ती कमरेची सुटली आणि दुसऱ्याच्या खिशात गेली. त्याबद्दल ते दोन ओळी हळहळतात आणि पुढे चालू लागतात.

ते खरे हळहळतात ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. झाशीच्या वाड्यात मोठा ग्रंथसंग्रह होता. पोथ्या निगुतीने बासनांत बांधून ठेवलेल्या; दूरदूरचे पंडित तिथून ग्रंथ उतरवून नेत. तो संग्रह विस्कटून, फाडून नष्ट केला गेला. कमरेचा पैसा गेलेला, प्राण वाचतील की नाही याची खात्री नाही, आणि या माणसाला पोथ्यांचं दुःख होतं! पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी उठून माझ्या कपाटाला कुलूप लावलं. सौभाग्यवतींनी विचारलं, "आता काय झालं?" मी म्हटलं, "झाशी पडली."

आणि मग ती विहीर. काल्पीच्या रस्त्यावर पहाटे भटजी एका विहिरीवर पाणी काढताहेत, तोच तहानलेले काही स्वार येतात. त्यांत पठाणी वेषातली, धुळीने भरलेली राणी. भटजींनी ओळखलं, पाणी काढून द्यायला पुढे झाले; तर तिने त्यांना थांबवलं. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी नका ओढू, म्हणाली आणि दोर स्वतः हातात घेतला. वर आणखी असं म्हणाली, की आपण विधवा बाई, अर्धा शेर तांदूळ आपल्याला पुरले असते. तरी हे सगळं अंगावर घेतलं. बस्स. कादंबरीकाराला इथे चाळीस पानं आणि एक वादळ लागलं असतं. मला मात्र तो अर्धा शेर तांदूळ जन्मभर पुरला आहे. राज्य गेलेली राणी पहाटे विहिरीवर उभी राहून आपला रोजचा खर्च सांगते, आणि एका कर्जबाजारी भटजीला सांगते! त्याला तो आकडा लक्षात राहणारच.

आता इथे एक अडचण आहे आणि ती मला परवापासून छळते आहे. भटजींनी हे लिहिलं १८८३ च्या सुमारास, म्हणजे घडल्यावर पंचवीस वर्षांनी. लिहायला लावलं चिंतामणराव वैद्यांनी, ज्यांच्या घराण्याचे भटजी उपाध्याय होते. आपण हयात असेपर्यंत छापू नये, ही भटजींची अट; इंग्रज सरकारची भीती होतीच. वैद्यांनी ते छापलं १९०७ साली. तेच पुस्तक मी वाचत होतो, त्यावरच माझा लोभ. गेल्या महिन्यात लायब्ररीत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली भटजींच्या हस्तलिखितावरून छापलेली मूळ संहिता हाती आली. ती घरी आणली, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली आणि ताळा करायला बसलो.

ताळा लागेना! वैद्यांनी भाषा घासून-पुसून घेतलेली, मजकूर इकडचा तिकडे केलेला, हकीगतीला कादंबरीची कळा आणलेली. ज्या वळणदार वाक्यांवर मी वीस वर्षं मान डोलावली, त्यांतली कितीतरी भटजींची नव्हेतच. आमच्याकडे पूर्वी चेकवर एवढीशी खाडाखोड असली तरी खाली सही लागायची. इथे पानंच्या पानं, आणि सही नाही. वैद्य काही लहानसहान माणूस नव्हेत. इतिहासाचे पंडित आणि ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश राहिलेले. मला राग आला. दोन दिवस मी वैद्यांशी मनातल्या मनात बोलत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी मूळ संहिता चिकाटीने वाचली. खडबडीत, पल्लेदार, कुठे थांबावं हे न कळणारी वाक्यं. सोवळ्यातल्या माणसाने अंगणात बसून सांगितल्यासारखी. आणि पाहतो तो विहीर तिथेही होती. राणी होती. अर्धा शेर तांदूळही जागच्या जागी होते. शिलकेत फरक पडला नव्हता. तेव्हा वैद्यांशी बोलणं सुरू केलं, पण पूर्वीसारखं नाही. माझं स्पष्ट मत विचाराल तर वाचायचं पोतदारांचं, आणि दमलात की वैद्यांचं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आईला बारीक टाइप दिसत नाही, म्हणून रात्री जेवणं झाली की मी तिला वाचून दाखवतो. तिच्यासारखा ऑडिटर मी बँकेत पाहिला नाही. भटजी धारेला पोचले तशी तिने विचारलं, "तो इकडे भटकतोय. घरी काय चाललं होतं?"

"घरचं यात नाही, आई. प्रवासाचं पुस्तक आहे."

"पण कर्ज घरावर होतं ना? मग सावकार दारात येऊन बसत असेल. म्हातारा-म्हातारी काय सांगत असतील त्याला? चूल कशी पेटत असेल?"

मी म्हटलं, तो तिथे नव्हताच तर लिहिणार कुठून? तिला ते पटलं, पण समाधान झालं नाही. मलाही झालं नाही. अडीच-तीन वर्षांची एक अख्खी वही गहाळ आहे आणि ती वरसईच्या माजघरात राहिली आहे.

म्हणून मध्ये भटजींना थांबवून मी बायकांची पुस्तकं काढली. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली निघाल्या. १८७३ मध्ये अकरा वर्षांची मुलगी एका विद्वान न्यायाधीशाच्या घरात लग्न होऊन येते, नवरा तिला लिहायला-वाचायला शिकवतो आणि घरातल्या बायका त्यासाठी तिला टोचून खातात. पुस्तक उत्तम आहे. पण रमाबाई नवऱ्याविषयी इतक्या आदराने लिहितात, की वाचताना आपणसुद्धा मांडी सावरून बसतो. आईला ते आवडलं. मला त्यातल्या घरच्या बायकाच जास्त आवडल्या. त्यांचं कुणी पुस्तक काढलं नाही म्हणून बिचाऱ्या हरल्या.

'स्मृतिचित्रें'चं मात्र काय सांगू! लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक निघालं १९३४ ते १९३६ च्या दरम्यान, चार भागांत. ते मी मोठ्याने वाचू शकत नाही, मला हसू येतं आणि आई म्हणते, "आधी वाच, मग हास." पण या वेळी सुरुवातीलाच थबकलो. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील सत्तावन्नच्या बंडात फाशी गेले होते. त्या धक्क्याने त्यांच्या जावयाला, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांना, सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेला जिन्नस पाण्यातून काढल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. सारं घर धुण्यात बुडालेलं. लक्ष्मीबाईंचा जन्मच मुळी १८६८ चा. बंड शमून दहा वर्षं झालेली. झाशी कुठे, काल्पी कुठे, नाशिकजवळचं जलालपूर कुठे! पण तिथल्या स्वयंपाकघरात सत्तावन्न साल रोज सकाळी बादलीभर पाणी घेऊन हजर. आईने विचारलेली वही ती हीच नव्हे, पण त्याच दप्तरातली.

आणखी एक गंमत. झाशीच्या राणीचं माहेरचं नाव मणिकर्णिका, मनू. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेरचं नाव मनकर्णिका, मनू. दोघीही लग्नानंतर लक्ष्मीबाई झाल्या. एकीने तलवार चालवली. दुसरीच्या नवऱ्याने १८९५ साली धर्म बदलला तेव्हा ती पाच वर्षं रडली, भांडली, आणि मग स्वतःच्या अकलेने त्याच्या मागे गेली. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. संसार चालवणं आणि किल्ला लढवणं यात अवघड काय, हे ठरवायला मी कोण? पण हातघाईच्या जमाखर्चात मी दुसऱ्या मनूला जास्त गुण देईन. पहिल्या मनूकडे निदान तोफा होत्या.

काल रात्री पुन्हा भटजींकडे आलो. शेवटची पानं. पैसा गेलेला, यज्ञ झालेला नाही, कर्ज तसंच. पण काशी झाली होती. आणि आईवडिलांना गंगास्नान घडवायचं म्हणून हा माणूस गंगेच्या पाण्याची कावड घेऊन पायी कोकणाकडे निघाला. काढलेल्या कर्जाच्या बदल्यात पाणी! आमच्या शाखेत असं तारण चालत नाही.

आमच्याही देवघरात गंगेचा गडू होता. तोंडाला डाग देऊन बंद केलेला, तांब्याचा, पणजोबांनी काशीहून आणलेला. लहानपणी आम्ही तो चोरून कानाशी धरून हलवत असू. बाबांच्या अखेरच्या वेळी तो फोडला आणि त्यातलं पाणी मी स्वतः चमच्याने त्यांच्या तोंडात घातलं. त्याला आता बारा वर्षं होतील.

मी कावडीचं वाचत होतो. आई डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "वाटेत सांडलं नाही का रे?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग सांडलं असणार. नसतं सांडलं तर लिहिलं असतं त्याने."

मी पान उलटलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आपला गडू फोडला ना, तो कोरडा होता. थेंब नव्हता आत. डाग कच्चा राहिला असेल."

"मग मी बाबांना घातलं ते पाणी?"

"पिंपातलं. तुम्ही सगळे त्यांच्याभोवती होतात. मी आत जाऊन भरून आणला."

"आणि बारा वर्षं बोलली नाहीस?"

"कुणी विचारलं?" आई म्हणाली. "वाच पुढे. पोचला का तो वरसईला?"